नानांचा हो

“आता बघा,” डॉक्टर पेणकर म्हणाले आणि त्यांनी लाकडी पेटीच्या कडेचा खटका पुढे सारला.

पेटीतून गांधीलमाशी घोंगावल्यासारखा आवाज यायला लागला. नानांच्या उजव्या हातावर, कोपराच्या जरा खाली, मिठाच्या पाण्यात भिजवलेली फडक्याची एक घडी बांधली होती आणि मनगटापाशी दुसरी. दोन्हींतून तारा निघून पेटीत गेल्या होत्या. होळीच्या सुमारास नाना पडले तेव्हापासून तो हात त्यांचा राहिला नव्हता. उशीवर ठेवला तर उशीवर, मांडीवर ठेवला तर मांडीवर, तसाच पडून असायचा. आवाज वाढला तशी त्या हाताची बोटं आत वळायला लागली. वळता वळता मूठ मिटली.

दाराआड उभी असलेली आई डोक्यावरून पदर घसरल्याचंही भान न राहता आत आली. “हलला,” ती म्हणाली. “शरयू, हात हलला गं यांचा.”

नाना त्या मुठीकडे बघत होते. आपल्या खुर्चीत भलताच कोणी येऊन बसावा आणि त्याला ऊठ म्हणता येऊ नये, तसं काहीतरी त्यांच्या चेहऱ्यावर होतं. डॉक्टरांनी खटका मागे घेतला. आवाज थांबला, मूठ सैल झाली, आणि हात पुन्हा पहिल्यासारखा पसरला.

“दुखलं का टिपणीस?” डॉक्टरांनी विचारलं.

“हो,” नाना म्हणाले.

“की बरं वाटलं?”

“हो.”

आई डोळे पुसत हसली. माझ्या लक्षात आलं, डॉक्टर हसत नव्हते.

माझे वडील श्रीधर टिपणीस तेव्हा भुसावळला तारमास्तर होते. स्टेशनाच्या मागच्या अंगाला, कडुनिंबाच्या रांगेत आमचं क्वार्टर होतं. जेवताना नाना ताटाच्या कडेवर बोटाने कट्ट-कड-कट्ट वाजवत बसायचे, आणि मी लहान असताना त्यांच्या शेजारी बसून ते ऐकत ऐकत मोर्स, तारेची लिपी, शिकले. मीठ हवं असलं तर नाना तोंडाने मागायचेच नाहीत, वाजवायचे. मी उठून मीठ वाढायची आणि आई आम्हा दोघांना वेड्यात काढायची. मी एकुलती एक. इंग्रजी शाळेत सहावीत होते. पुढच्या वर्षी सातवी, म्हणजे तेव्हाची मॅट्रिक, आणि मग पुण्याला कॉलेज, हे नानांनी परस्पर ठरवून टाकलं होतं.

त्यांचे थोरले भाऊ, आमचे आबाकाका, पेणला राहत. दिवाळीत आले तेव्हा त्यांनी माझ्यासाठी एक स्थळ आणलं होतं. धारचे ओव्हरसियर, चाळिशीला टेकलेले बिजवर, त्यांची थोरली मुलगी माझ्याहून जेमतेम तीन वर्षांनी लहान. नानांनी जेवता जेवता “नाही” म्हटलं आणि आमटी मागितली. काकांनी दोनदा विषय काढून पाहिला. “नाही म्हटलं ना आबा,” नाना म्हणाले, आणि ते तिथेच संपलं.

होळीनंतर एका सकाळी नाना दाढी करायला बसले आणि वस्तरा हातातून गळून पडला. मी धावत गेले तेव्हा ते उजवीकडे कलंडलेले होते, तोंड वाकडं झालेलं होतं, आणि ते माझ्याकडे बघून काहीतरी सांगायची शिकस्त करत होते. चार दिवसांनी तोंडातून पहिला शब्द आला. आई विचारत होती, “पाणी देऊ?” आणि ते म्हणाले, “हो.” आईने देवापुढे साखर ठेवली.

त्यानंतर दुसरा शब्द आलाच नाही. पाणी देऊ, हो. खिडकी लावू, हो. खिडकी उघडू, तरी हो. मानही त्याच्याबरोबर डोलायची. पेज नको असली तर डाव्या हाताने वाटी ढकलून द्यायचे, आणि ढकलताना तोंडाने मात्र “हो, हो” चालू असायचं. आई म्हणायची, लहान मुलासारखे हट्टी झालेत. पाटी-पेन्सिल दिली तर डाव्या हाताने नुसत्या रेघा ओढल्या आणि पाटी पालथी घातली.

त्या दिवशी पेटी आवरून डॉक्टर निघाले तेव्हा मी त्यांना पोचवायला फाटकापर्यंत गेले. डॉक्टर पेणकर बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले ज्यू, पलटणीत नोकरी करून आलेले, बोलणं मोजकं. बाजारात त्यांचा दवाखाना होता.

“रोज पेटी लावली तर हात बरा होईल ना?” मी विचारलं.

त्यांनी सायकल फाटकाला टेकवली. “तू तारमास्तरची मुलगी. तुला सांगतो तसं आईला सांगता येत नाही. हाताला काही झालेलंच नाही. शिरा शाबूत आहेत, स्नायू शाबूत आहेत. मी वीज सोडली म्हणून मूठ वळली. उद्या मेलेल्या बेडकाच्या पायाला वीज लावली तरी तो पाय झाडतो. दीडशे वर्षांपूर्वी इटलीत एका माणसाने ते पाहिलं, तेव्हा लोकांना वाटलं, आता मेलेलीही उठवू. कोणी उठलं नाही.”

“मग बिघडलंय कुठे?”

त्यांनी आपल्या कपाळाची डावी बाजू बोटाने दाखवली. “निरोप इथून निघतो. उजव्या हाताचा इथून, आणि बोलण्याचाही इथूनच, जवळजवळ. फ्रान्समध्ये एक रोगी होता. त्याला काहीही विचारा, तो एकच अक्षर बोलायचा. वर्षानुवर्षं. मेल्यावर त्याचा मेंदू पाहिला तर डाव्या बाजूला एवढासा भाग नासलेला. जीभ ठणठणीत होती, घसा ठणठणीत होता. बोलायचं कसं, तेच गेलं होतं.”

“आणि त्याला कळत होतं? लोक काय बोलतात ते?”

“बरंचसं कळत असावं. चिडायचा म्हणतात.”

मी म्हटलं, “मग तुमची पेटी नानांच्या डोक्याला लावा ना. जर्मनीत कुत्र्याच्या मेंदूला वीज लावली की त्याचा पाय हलायचा, असं तुम्हीच मागे नानांना सांगत होतात.”

“कवटी उघडून लावली होती बाळ,” डॉक्टर म्हणाले. “आणि पाय हलला, तेवढंच. जागा कोणती ते आज आम्हाला ठाऊक आहे. तिथे करायचं काय, ते कोणालाच ठाऊक नाही.”

ते सायकलवर बसून गेले. मी आत आले तेव्हा आई नानांच्या उजव्या हाताला तेल चोळत त्यांना सांगत होती, आज मूठ वळली, उद्या पेला धराल, आणि नाना तिला हो म्हणत होते.

पाडव्याच्या आसपास आबाकाका पेणहून आले. नानांना त्या स्थितीत बघून ते खाटेजवळ मटकन खाली बसले. नानांचा चांगला हात त्यांनी दोन्ही हातांत धरला. वडील लवकर गेल्यामुळे काकांनीच नानांना शिकवलं होतं, ही गोष्ट आमच्या घरात सगळ्यांना पाठ होती. संध्याकाळी ते आईला म्हणाले, “गोदावरी, हे क्वार्टर आता सोडावं लागणार. तुम्ही दोघं पेणला या. श्रीधरचं मी करीन. पण हिचं काय? मलाही दोन मुली उजवायच्या आहेत. धारवाले अजून थांबलेत.”

दाराआडून आई म्हणाली, “यांना ते पसंत नव्हतं भाऊजी.”

“तेव्हा नव्हतं. तेव्हा तो धडधाकट होता.” काका नानांकडे वळले. त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. “श्रीधर, तुझ्या जिवाला घोर नको म्हणून विचारतो. शरयूचं धारला जमवू का?”

“हो,” नाना म्हणाले.

काकांच्या डोळ्यांना धारा लागल्या. मला आजही वाटतं, ते रडणं खरं होतं. भावाने आपलं ऐकलं, याचं त्यांना खरंच समाधान झालं होतं. मी उंबरठ्यावर उभी होते. नाना माझ्याकडे बघत होते, पण त्या नजरेत काय होतं, ते मला वाचता आलं नाही.

मी म्हटलं, “काका, ते सगळ्यालाच हो म्हणतात.”

“वडिलांना वेडं ठरवतेस?” काका एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी बेंद्रेकाका आले. ते नानांच्या बरोबरीचे, तारघरात दोघांनी एका टेबलाशी वर्षं काढलेली. आईनेच त्यांना निरोप धाडला होता. तिच्या मनात असं आलं होतं की जीभ अडकली असेल, पण बोटं तर बोलतील. डावा हात चांगला आहे. मग तार ठोकायचं यंत्र, ती ‘की’, त्यांच्या डाव्या हाताखाली का देऊ नये? मला ते ऐकून इतकी आशा वाटली की रात्री डोळा लागला नाही. मला हे आधी कसं सुचलं नाही, याचंच नवल वाटत होतं.

बेंद्रेकाकांनी सरावाची की आणि तिचे ठोके वाजवणारा साउंडर आणला होता. पाट उशीवर ठेवून त्यावर की मांडली, बॅटरीच्या तारा जोडल्या, आणि नानांचा डावा हात उचलून तिच्यावर ठेवला. नानांच्या चेहऱ्यावर किती दिवसांनी जीव आला. दोन बोटं कीच्या मुठीवर, अंगठा खाली, अगदी रीतसर. आई, आबाकाका, मी, सगळे गोळा झालो.

“सांग रे श्रीधर,” बेंद्रेकाका म्हणाले. “काय पाहिजे ते सांग.”

नानांनी की दाबली. कट्ट. कड. कट्ट. तो ठोका इतका ओळखीचा होता की माझ्या अंगावर काटा आला. मग आणखी. कट्ट कट्ट कट्ट कट्ट. मी शब्द जुळायची वाट बघत होते. कड कट्ट कड कड कट्ट. मध्ये थांबायचं तिथे ते थांबत नव्हते, नको तिथे थांबत होते. एकही शब्द होत नव्हता. त्यांच्या कपाळावर घाम आला, आणि ते वाजवत राहिले, जोरजोरात, जणू आम्हालाच ऐकायला कमी येत होतं.

आई बेंद्रेकाकांच्या तोंडाकडे बघत होती. “काय म्हणतायत?”

बेंद्रेकाकांनी घसा साफ केला. “म्हणतायत... ठीक आहे. काळजी करू नका म्हणतायत वहिनी.”

आईने दोन्ही हात जोडले. आबाकाका म्हणाले, “बघा. डोकं शाबूत आहे त्याचं.”

नानांनी बेंद्रेकाकांकडे पाहिलं. मग कीवरचा हात उचलून घेतला आणि तोंड भिंतीकडे वळवलं.

की आणि साउंडर बांधून बेंद्रेकाका निघाले तेव्हा बाहेरच्या ओट्यावर त्यांनी मला हळूच विचारलं, “तुला कळलं ना?” मी होकारार्थी मान हलवली. “आईला बोलू नकोस. तेवढाच तिला आधार,” ते म्हणाले आणि टोपी घालून चालायला लागले.

मी बोलले नाही. त्यानंतर आठवडाभरात धारचे ओव्हरसियर स्वतः बघायला येणार असल्याचं काकांनी जाहीर केलं. आई दोन्हीकडून ओढली जात होती. एकदा भाकऱ्या करताना ती मला म्हणाली, “त्यांनी तारेवरून सांगितलं ना, ठीक आहे म्हणून. मग आपण कोण अडवणार?” तवा तापला होता, ती माझ्याकडे बघतही नव्हती. मी तिथून उठले आणि तडक बाजारात डॉक्टरांच्या दवाखान्यात गेले.

डॉक्टर दुपारी आले. त्यांनी काकांना बसवून घेतलं आणि मला फाटकाशी सांगितलं होतं ते सगळं शांतपणे सांगितलं. बेंद्रेकाकाही त्या दिवशी नानांना भेटायला आलेले होते. आई दाराशी होती. काकांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “डॉक्टर, तुमचं पुस्तकातलं ज्ञान मोठं आहे. पण तारेवरून त्याने नीट उत्तर दिलं, ते आम्ही ऐकलंय. हे बेंद्रे साक्षीला आहेत.”

मी बेंद्रेकाकांकडे बघितलं. ते जमिनीकडे बघत होते.

“तो निरोप नव्हता,” मी म्हटलं. “मलाही मोर्स येतं. त्यात एकही शब्द नव्हता.”

“बेंद्रे?” काकांनी विचारलं.

“वहिनींच्या तोंडाकडे बघवेना, म्हणून बोललो,” बेंद्रेकाका म्हणाले. त्यांचा आवाज जेमतेम ऐकू येत होता.

आईने दाराची चौकट धरली. ती हळूहळू खाली बसली. पण मी आता थांबू शकत नव्हते. मी खाटेपाशी गेले. नाना जागे होते. सगळं त्यांच्या समोरच चाललं होतं, इतके दिवस सगळं त्यांच्या समोरच चालत आलं होतं.

“नाना,” मी म्हटलं, “तुमचं नाव बेंद्रे ना?”

“हो.”

“आपण धारला राहतो ना?”

“हो.”

मला असं काही विचारायचं होतं की पुन्हा कोणाला शंकाच राहू नये. “मी तुमची मुलगी नाही ना, नाना?”

त्यांचे ओठ थरथरले. काहीतरी दुसरं आणायची ते केवढी धडपड करत होते ते त्यांच्या मानेच्या शिरांवर दिसत होतं.

“हो,” नाना म्हणाले. आणि त्यांचे डोळे भरून आले आणि पाणी कानांपर्यंत वाहत गेलं.

“पुरे,” आई म्हणाली. “पुरे शरयू.”

डॉक्टर पुढे झाले आणि त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. “पाहिलंत?” ते काकांना म्हणाले. “प्रश्न त्यांना कळतोय. नाहीतर हे पाणी आलं नसतं. माणूस पुरा शुद्धीवर आहे. फक्त उत्तर त्याच्या हाती राहिलेलं नाही. त्याचा हो म्हणजे हो नव्हे.”

आबाकाकांनी उपरण्याने तोंड पुसलं. ते हादरले होते, हे मी नाकारणार नाही.

“मग डॉक्टर,” ते म्हणाले, “त्याच्या मनात काय आहे ते तुम्ही सांगा. तुम्हाला दिसतंय ना आतलं? त्याला हिला पुण्याला पाठवायचंय? घरात हा असा, उद्या छप्पर नाही, तरी पाठवायचंय? की आपल्या डोळ्यांदेखत ही मार्गी लागावी असं वाटतंय? सांगा, तुम्ही म्हणाल ते मी मानतो.”

डॉक्टरांनी नानांकडे पाहिलं.

“सांगता येत नाही ना?”

“नाही,” डॉक्टर म्हणाले. “ते मला सांगता येणार नाही.”

“मग त्याचा हो धरायचा नाही, आणि त्याचं नाहीही धरता येत नाही. वडिलांच्या मागे घरात थोरला मी. ठरवायचं मलाच आलं.” ते हे रागाने बोलले नाहीत. मोठं ओझं उचलावं लागणाऱ्या माणसासारखे बोलले, आणि उठून पाणी प्यायला आत गेले.

एवढा खटाटोप करून मी नानांचा हो खोटा ठरवला होता, आणि तो खोटा ठरल्यावर त्या घरात नानांचं म्हणून काहीच उरलं नव्हतं. त्याहून वाईट म्हणजे काकांनी विचारलेलं माझ्या डोक्यात राहिलं. दिवाळीतलं नाही मला ठाऊक होतं. पण आता, असं पडल्या पडल्या, नानांना काय वाटत असेल? कदाचित मी सुखरूप कोणाच्या तरी घरी जावं, असंच वाटत असेल. मी त्यांच्याजवळ तासन्‌तास बसायची. विचारायचं मात्र काही नाही; विचारलं की काय ऐकू येणार ते ठरलेलं. डॉक्टरांनी पेटी आणणं बंद केलं. नुसतेच यायचे, नाडी बघायचे, आणि पाच-दहा मिनिटं खुर्चीत बसून जायचे.

वैशाखात लग्न झालं, क्वार्टरच्याच अंगणात मांडव घालून. कन्यादान आबाकाका-काकूंनी केलं. नानांची खाट खिडकीशी सरकवली होती. भटजींनी मध्येच आवाज चढवला की आतून नानांचा “हो” ऐकू यायचा आणि पाहुण्यांतल्या कोणाला तरी हसू आवरायचं नाही. धारचे ओव्हरसियर वाईट माणूस नव्हते, हे इथेच सांगून टाकते. त्यांच्याबरोबर माझी पुढची सगळी वर्षं गेली, त्यांनी मला कधी दुखावलं नाही, आणि त्यांच्या थोरल्या मुलीला मीच मॅट्रिकपर्यंत शिकवलं. पण ते सगळं नंतरचं.

निघायच्या वेळी मी नानांच्या पाया पडायला आत गेले. टांगा फाटकाशी उभा होता. खोलीत आई आणि दाराशी आबाकाका. शालूचं ओझं सावरत मी वाकले, पायांवर डोकं ठेवलं, आणि मग त्यांच्या उशाशी बसले. इतके दिवस मी त्यांना प्रश्न विचारायचं टाळलं होतं. पण निघताना ‘जाते’ म्हणायचं नसतं आपल्यात.

“नाना, येऊ?” मी म्हटलं.

“हो,” नाना म्हणाले, आणि मानही डोलली.

“आशीर्वाद दिला बघ,” दारातून काका म्हणाले. “चल बाळ, गाडीची वेळ झाली.”

मी उठायला गेले आणि मागे ओढली गेले. नानांच्या डाव्या हाताने माझा पदर धरलेला होता. जरीचा काठ त्यांच्या मुठीत चुरगळला होता.

“नाना, सोडता ना?”

“हो,” ते म्हणाले. मूठ आणखी घट्ट झाली.

“नाना, सोडा आता.”

“हो. हो.”

त्यांचे डोळे माझ्या डोळ्यांत होते. मी काकांकडे वळून बघितलं. काकांनीही ते पाहिलं होतं. क्षणभर ते तसेच उभे राहिले, मग मान फिरवून बाहेर गेले आणि टांगेवाल्याला सामान नीट लावायला सांगू लागले.

आई आली. माझ्याकडे न बघता ती खाटेच्या कडेवर बसली, नानांचा हात आपल्या मांडीवर घेतला आणि एकेक बोट उलगडून माझा पदर सोडवायला लागली. एक बोट उघडलं की दुसरं मिटत होतं. तिला बराच वेळ लागला. तोवर नाना म्हणत होते, हो, हो, हो.